रोजचे सात सेकंद

सेकंदकाकांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लागेल इतकी मान पुढं नेली आणि संगणकाच्या घड्याळात सात सेकंद मिळवले. मग निळ्या पुठ्ठ्याची वही उघडून त्यांनी तारीख घातली, पंधरा, आणि तिच्यापुढं लिहिलं : 'सात सेकंद मागे. पुढे केले.' खाली सही. पूर्ण सही, शेपटीसकट. नऊ वर्षांत त्या वहीत त्यांनी कधी नुसत्या आद्याक्षरांवर भागवलं नव्हतं.

आठचा भोंगा याच घड्याळाला जोडलेला होता. तो वाजला, कार्ड लावायच्या यंत्रावरचा हिरवा दिवा जाऊन तांबडा लागला, आणि आत पोचलेल्यांनी मागं वळून उताराकडं बघितलं. न पोचलेलं माणूस बघण्यात एक निराळं समाधान असतं. उतारावरून एक बाई धावत येत होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कार्डाची दोरी, आणि पदर कधीचा खांद्यावरून निसटून कोपरावर आलेला. तिनं कार्ड लावलं. यंत्र दोनदा किंचाळलं.

"एकशे चौदा," सेकंदकाका खिडकीतून म्हणाले. "आठ वाजून अठ्ठावन्न सेकंद."

"भोंगा झाला तेव्हा मी वळणावर होते, बाबा."

"म्हणजे उशीरच की."

"घरचं घड्याळ बघून निघाले. साडेसातचा ठोका पडला, पोरीला काकूंकडं दिलं नि निघाले. रोज निघते तशीच." तिला दम लागला होता. "आणि ते घड्याळ तुम्हीच लावलेलं आहे."

"गेटवर बाबा नसतो. टाइमकीपर असतो," सेकंदकाका म्हणाले. "आणि घड्याळाला सून नसते."

हे शेवटचं वाक्य त्यांना आवडलं. नऊ तारखेला, पहिल्या उशिराला, ते सुचलं नव्हतं. बाराला, दुसऱ्या उशिराला, अर्धं सुचलं होतं. आज बसलं.

एकशे चौदानं पदर सारखा केला. "हा तिसरा," ती म्हणाली.

"मोजतोय मी."

ती आत गेली. सेकंदकाकांनी वही मिटली आणि टेबलाच्या कडेला काटकोनात ठेवली.

कारखाना फरशीचा होता आणि एका जुन्या खाणीच्या खड्ड्यात बसवलेला होता. जागा स्वस्तात मिळाली होती, आणि का स्वस्त ते पहिल्याच आठवड्यात कळलं : खाली उतरलं की फोन मुके होत. इंटरनेट म्हणाल तर ते महिन्यातून दोनदा येई, एक तारखेला आणि पंधराला, शहरातल्या हेड ऑफिसच्या अकाउंटंटच्या पिशवीतल्या एका काळ्या डबीतून. ती काळी डबी कारखान्यातच ठेवली असती तर काही बिघडलं नसतं. पण हेड ऑफिसचं मत असं, की डबी इथं राहिली तर लोक सिनेमे बघतील. त्यामुळं अकाउंटंट यायचा, गेटच्या खोलीतल्या संगणकाला डबी जोडायचा, खाणीच्या काठावरच्या खांबापर्यंत गेलेली तार वर जाऊन हलवायचा, आणि मग हजेरीचा तक्ता निघून जायचा. त्या दहा मिनिटांत संगणक आपली वेळ बाहेरच्या जगाला विचारून घेई. उरलेले चौदा-पंधरा दिवस तो सेकंदकाकांच्या हवाली.

काकांनी फार लवकर ओळखलं होतं, की हा संगणक रोज सात सेकंद मागं राहतो. सहा नाही, आठ नाही. तेव्हा त्यांच्याकडं रेडिओ होता. सकाळी सातच्या बातम्यांआधी पीप-पीप वाजत, आणि शेवटच्या पीपेला काका पडद्यावरचा आकडा टिपत. सात. पुन्हा सात. हिवाळ्यात कधीतरी साडेसहा, पण काका उदार मनानं त्याला सातच धरत. मग रोज सकाळी ते सात सेकंद मिळवायचे. सोमवारी चौदा, कारण रविवारी कारखाना बंद. अकाउंटंट आला, डबी लागली, की घड्याळ जागचं हलायचंसुद्धा नाही. वरून, खांबापाशी उभा राहून, अकाउंटंट ओरडायचा, "काय काका, किती पळालं पाखरू?" आणि काका खिडकीतून मान काढून साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल असं म्हणायचे, "शून्य!" पॅकिंगमधल्या बायका टाळ्या वाजवायच्या. थट्टेनंच, पण वाजवायच्या. काकांना फरक कळत नव्हता असं नाही. थट्टेची टाळी ते टाळीतच जमा करीत.

रेडिओ गेल्या वर्षी बिघडला. दुरुस्तीला टाकला तो तिथंच राहिला. त्यामुळं काही अडलं मात्र नाही. मोजून सातच येणार हे पक्कं ठाऊक असताना मोजायचं कशाला? काका नुसतं 'सात' लिहू लागले, आणि पंधरवड्याच्या पंधरवड्याला बाहेरचं जग येऊन 'शून्य' म्हणू लागलं. वही खरी होती. वही इतकी खरी होती, की मधूनमधून काकांना वाटायचं, संगणक वही बघून चालतो.

तीन वर्षांपूर्वी एका फिटरनं त्यांना आडवं घेतलं होतं. "काका, गेट दोन मिनिटं पुढं आहे, माझा फोन सांगतोय." एक तारखेला डबी लागली तेव्हा चाळीस माणसं खिडकीपाशी जमली होती. घड्याळ तिळभर हललं नाही. फिटरनं फोनची वेळ कधीतरी हातानं लावलेली निघाली. त्या दिवसापासून फिटरचं नाव 'दोनमिनिटं' पडलं, आणि गेटच्या वेळेबद्दल बोलायची कारखान्यात कुणाची टाप राहिली नाही. या पंधरवड्यातसुद्धा दोघातिघांच्या मनात आलं होतं, की भोंगा जरा लवकरच होतोय. त्यांनी मुकाट्यानं आपापली घड्याळं पुढं केली. शहाणपणाचं काम होतं. साहेबाचं नि गेटचं बरोबर धरून चाललं की दिवस सुखाचा जातो.

एकशे चौदाला घड्याळ पुढं करून भागण्यासारखं नव्हतं. तिच्या घड्याळावर तिच्यापेक्षा शेजारणीचा हक्क जास्त होता. शेजारच्या काकूंच्या घरचं घड्याळ कधीच बंद पडलेलं. त्या भिंतीपलीकडून येणाऱ्या ठोक्यावर उठत, ठोक्यावर नवऱ्याचा डबा भरत, आणि साडेसातचा ठोका ऐकल्याशिवाय चार वर्षांच्या पोरीसाठी दार उघडत नसत. पैसे न घेता पोर सांभाळणाऱ्या माणसाला एक मिनिट आधी उघडा म्हणता येत नाही. तिथून गेट बरोबर एकोणतीस मिनिटांवर होतं. म्हणजे तिच्या सबंध दिवसात शिल्लक पडायचं ते एक मिनिट, आणि ते गेले साडेपाच महिने पुरत आलेलं.

तिचा नवरा, म्हणजे काकांचा मुलगा, तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या देशात कामाला म्हणून गेला तो तिथलाच झाला. आधी दर आठवड्याला फोन, मग महिन्याला, मग पोरीच्या वाढदिवसाला, मग तोही नाही. सासू त्याच्या आधीच गेली होती. घरात उरली सून, नात आणि काका. पॅकिंगमध्ये तिला चिकटवलं होतं खुद्द काकांनीच. सहा महिने कच्च्या नोंदीवर, मग कायम. कायम झालेल्याला कारखान्याच्या चाळीत दोन खोल्या मिळत. कच्च्या नोंदीवर असलेल्याला एका पंधरवड्यात तीन तांबड्या नोंदी झाल्या तर नाव कमी होई. नियम जुना होता. तीन आठवड्यांपूर्वी काकांना तक्त्यासोबतच्या कागदांत खोल्यांसाठी केलेल्या अर्जांची चळत दिसली होती. त्यात एकशे चौदाचा अर्ज होता. घरी तिनं त्याचं नाव काढलं नव्हतं. काकांनी तो वाचला, होता तिथं परत ठेवला, आणि कडा जुळवल्या. त्यांनीही घरी नाव काढलं नाही.

दुपारच्या सुट्टीत फरशांच्या थप्पीमागं ती डबा न उघडता बसली होती. दोनमिनिटं पाना पुसत पुसत तिथं आला.

"ताई, जेवून घ्या."

"भूक नाही."

"एक सांगू? माझ्या मते गेट पुढं आहे."

तिनं वर बघितलं. "किती?"

"दीड मिनिट. जरा जास्तच." तो हसला. "मी बोललो असतो हो. पण मी दीड मिनिट म्हणालो तरी लोकांना दोनच ऐकू जाणार. माझं बारसं झालंय ना."

"मग मला कशाला सांगता?"

"तुम्ही घरातल्या आहात. तुम्ही बोललात तर ऐकतील."

"घरातली आहे म्हणूनच नाही ऐकणार," ती म्हणाली. डबा उघडला, दोन घास खाल्ले, आणि मिटला.

चारला अकाउंटंट आला. आल्याबरोबर त्यानं पंख्याचं तोंड आपल्याकडं वळवलं, सदऱ्याची वरची दोन बटणं सोडली आणि तक्त्यावर नजर टाकली.

"अरे! काका, ही तर आपली एकशे चौदा. तीन?"

"तीन."

"बावीस सेकंद, एक्केचाळीस सेकंद, अठ्ठावन्न सेकंद. अहो, एवढ्या वेळात मला शिंक पुरी होत नाही." त्यानं खुर्ची ओढली. "कायम व्हायला किती दिवस राहिलेत तिचे?"

"तेरा."

"मग लिहा की काहीतरी. शेऱ्याचा रकाना कशाला आहे? 'घड्याळातील दोष' लिहा, सही ठोका. एक नोंद गळली की सुटली ती. मी काही बघितलं नाही."

शेऱ्याचा रकाना हा काकांचा खरा दागिना होता. वर्षाला चोवीस तक्ते, नऊ वर्षं, दोनशे सोळा तक्ते, आणि दोनशे सोळा वेळा तो रकाना कोरा. गेल्या मॅनेजरनं जाताना एका तक्त्यावर बोट ठेवून म्हटलंही होतं, की असा कोरेपणा माणसाला कमवावा लागतो.

"दोष असेल तर लिहीन," काका म्हणाले. "नसलेला दोष लिहायला मी काय कवी आहे?"

"तुमची सून आहे म्हणून म्हटलं."

"सून आहे म्हणूनच नाही लिहायचा."

अकाउंटंटनं हात जोडले, डबी संगणकाला लावली आणि कुरकुरत उतार चढू लागला. एकशे चौदाला गेटपाशी बोलावून ठेवलं होतं. ती खिडकीबाहेर, भिंतीला पाठ न टेकता, उभी होती. काकांना खिडकीतून तिची वेणी आणि एक खांदा दिसत होता.

पडद्यावर चार वाजून अकरा मिनिटं बेचाळीस सेकंद झाले होते. वर तार हलली. डबीवरचा दिवा लुकलुकला, स्थिर झाला. आणि घड्याळ मागं गेलं.

चार वाजून दहा मिनिटं, पाच सेकंद.

काकांनी आधी डबीकडं संशयानं बघितलं. तार वाकडी लागली असेल तर वेळही वाकडी येत असेल, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. त्यांनी वेळ पुन्हा विचारायचं बटण दाबलं. घड्याळ हललं नाही. पुन्हा दाबलं. बाहेरचं जग आपल्या शब्दाला पक्कं होतं. बेचाळिसातून पाच वजा करून साठ मिळवायला काकांना वेळ लागला नाही. सत्त्याण्णव.

त्यांच्या ओठांनी आपोआप पाढा म्हटला. चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव.

एक तारखेला वेळ लागली होती. दोन तारखेपासून आज सकाळपर्यंत चौदा दिवस, रोजचे सात. ते सगळे तिथं जमले होते, एकावर एक, काकांनी ठेवले तसे. वरचा जो एक कमी भरत होता तोच काय तो यंत्राचा. चौदा दिवसांत ते स्वतःहून एक सेकंद चुकलं होतं.

त्यांनी मागं वळून फळीवरची फाईल काढली. गेल्या महिन्याच्या अखेरीला संगणक बंद पडला होता. हेड ऑफिसनं संगणकाचा डबा नेला आणि एक तारखेला परत पाठवला. तोच डबा, डाव्या कोपऱ्यातली तीच खोक, काकांनीच डकवलेली 'हात लावू नये' ही चिठ्ठीसुद्धा तीच. सोबतची दुरुस्तीची पावती काकांनी स्वतः भोक पाडून फायलीला लावली होती. फायलीला लावलेला कागद वाचायचा नसतो, सांभाळायचा असतो, असं मानणाऱ्यांपैकी ते होते. आता त्यांनी चष्मा खाली ओढून वाचला. 'आतील मुख्य पाटी बदलून नवीन बसवली. घड्याळासह.'

पावतीवरून बोट निघेना. नऊ तारखेला घड्याळ छप्पन्न सेकंद पुढं होतं, ती बावीस सेकंद उशिरा. म्हणजे चौतीस सेकंद आधी. बाराला छत्तीस. आज एकोणचाळीस. तिन्ही दिवस ती वेळेच्या आत आली होती, आणि मधले दोन दिवस, तेरा आणि चौदा, जेव्हा यंत्र किंचाळलं नव्हतं, तेव्हा ती उतारावरून जीव घेऊन धावली होती. ते धावणं काकांनी याच खिडकीतून बघितलं होतं. पदर तरी सांभाळावा माणसानं, असं त्यांना वाटलं होतं.

तक्ता पडद्यावर उघडा होता. एकशे चौदाची ओळ, तीन तांबडे आकडे, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. काकांनी त्यावर टिचकी मारली. रकान्यात एक उभी रेघ उघडझाप करू लागली. त्यांनी दोन बोटांनी, शोधत शोधत, 'घड्या' एवढं उमटवलं.

खिडकीबाहेरचा खांदा हलला. ती दुसऱ्या पायावर भार टाकून उभी राहिली होती.

काकांच्या डोळ्यांपुढून माणसं एकेक करून गेली असावीत. मॅनेजर, अकाउंटंट, पॅकिंगच्या बायका. दोनमिनिटं तर नक्कीच. सुनेसाठी केलं म्हणतील. नाही तर त्याहून वाईट : सुनेसाठी नाही केलं, खरंच चुकलं म्हणतील. मग त्यांनाही एक नाव मिळेल. आकडा तर आयताच तयार होता. आणि तक्त्याखाली, जोडलेल्या कागदांत, खोल्यांसाठीचा तो अर्ज पडला होता. बायकोपाठोपाठ मुलगा, मुलापाठोपाठ सून, सुनेच्या बोटाला धरून नात.

"आलं का हो?" वरून अकाउंटंटची हाक आली.

"आलं!"

"मग बोला की! किती पळालं पाखरू?"

काकांचा अंगठा खोडायच्या बटणावर होता. एकेक अक्षर मागं गेलं. रकाना पुन्हा कोरा झाला. त्यांनी नेहमीसारखी खिडकीतून मान बाहेर काढली. ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती आणि त्यांच्याकडंच बघत होती. तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावरून, वर खांबाकडं बघून सांगितलं.

"शून्य!"

आवाज थोडा चिरकला, पण पोचला. पॅकिंगमध्ये आज कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पुढचं सगळं नियमाप्रमाणं झालं. तक्ता गेला, पावणेपाचाच्या आत उत्तर आलं, छपाईच्या यंत्रानं एक कागद बाहेर काढला. अकाउंटंटनं तो वाचून दाखवताना बटणं लावून घेतली. एकशे चौदानं जिथं सांगितलं तिथं सही केली आणि गळ्यातलं कार्ड काढलं. दोरी वेणीत अडकली, ती तिनं सोडवली. काकांनी कार्ड घेतलं आणि आवक वहीत लिहिलं : 'कार्ड क्रमांक एकशे चौदा परत मिळाले.'

"वेळ लिहिली?" तिनं विचारलं.

"लिहिली."

"बरोबर आहे ना?"

"काय बोलता, ताई!" वातावरण जरा हलकं करावं म्हणून अकाउंटंट हसला. "काकांची वेळ आहे ती."

ती गेली. उतार चढताना ती धावली नाही.

काकांनी ड्रॉवर उघडून मनगटी घड्याळ काढलं. एरवी ते घड्याळ वापरत नसत. गेटवर बसणाऱ्याच्या मनगटाला घड्याळ म्हणजे त्यांना स्वतःवरचा अविश्वास वाटे. पण महिन्यातून दोनदा, डबी येऊन गेली, की ते या जुन्या घड्याळाला किल्ली देत, पडद्यावरच्या सेकंदाला सेकंद लावत, आणि वेळ घरी नेत. घरी भिंतीवरचं घड्याळ तिला जुळवलं की याचं काम संपलं, पुन्हा ड्रॉवरमध्ये. त्यांनी आजही किल्ली दिली. आज पंधरा तारीख होती, आणि न दिली असती तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं.

सुटल्यावर ते घरी पोचले तेव्हा नात उंबऱ्यात बसली होती. पंधरवड्याच्या पंधरवड्याला ती हे एकच विचारायची.

"आजोबा, वेळ आणली?"

"आणली."

सुनेनं स्वयंपाकघरातलं स्टूल आणून घड्याळाखाली ठेवलं. त्याचा एक पाय आखूड होता. काका वर चढले की ते डुगडुगायचं, म्हणून ती नेहमी खालून धरायची. आजही तिनं धरलं. काका चढले, त्यांनी काचेचं दार उघडलं आणि मनगट घड्याळाशेजारी नेलं.

सहा वाजून अठ्ठावीस मिनिटं, वीस सेकंद. दोन्हीकडं. दोन्ही सेकंदकाटे पायाला पाय लावून चालले होते. दोन आठवड्यांत भिंतीवरचं घड्याळ दोन सेकंदसुद्धा सरकलेलं नव्हतं. याच घड्याळाच्या ठोक्यावर ती रोज निघाली होती.

"किती मागं आहे?" खालून सुनेनं विचारलं.

काकांनी मनगट पुन्हा एकदा घड्याळाशी भिडवलं.

"मागंच असणार ना, बाबा? गेट शून्य होतं म्हणजे घरचंच मागं असणार."

स्टूल स्थिर होतं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलेलं होतं.

"दीड मिनिट," काका म्हणाले.

"मग करा पुढं."

त्यांनी तर्जनी मिनिटकाट्याच्या टोकाला लावली. बरोबर चालणारा काटा हलवताना बोटाला जो किंचित विरोध लागतो, तो लागला. काटा दीड घर पुढं गेला. सहाच्या आकड्यावरून जाताना आत काहीतरी खटकलं आणि घड्याळानं साडेसहाचा ठोका दिला.

खाली, मेजावरचा फोन तिनं उचलला होता. इथं, घरात, फोन मुका नव्हता. तिनं त्यावरचे आकडे बघितले, वर भिंतीकडं बघितलं, आणि फोन पालथा ठेवला. मग ती स्वयंपाकघरात गेली. तिचे हात स्टुलावरून कधी निघाले ते काकांना कळलं नाही. आखूड पाय डुगडुगला तेव्हा कळलं. त्यांनी घड्याळाची चौकट धरली.

भिंतीपलीकडं पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"अगं ए," शेजारच्या काकूंची हाक आली, "साडेसहा झाले का गं?"

"नाही काकू," आतून सुनेनं उत्तर दिलं. "अजून दीड मिनिट आहे."

काका वरच उभे राहिले.